बांधावरचा कायदा गावात कोण सांगणार?



वैराग भागात फिरताना मला बियाण्याविषयी जितके प्रश्न विचारले जातात, जवळपास तितकेच बांधाविषयी विचारले जातात. "साहेब, शेजाऱ्यानं वाट नांगरली, आता काय करू?" मी शेतकी पदवीधर. तुरीवरच्या मर रोगाचे उत्तर माझ्यापाशी असते, वाटेचे नसते. तरीही एकदा मी उत्तर दिले आणि ते चुकले.

काही वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, माझ्या चुलतभावाच्या शेताची जुनी गाडीवाट शेजाऱ्याने नांगरून टाकली. मी म्हटले, "दादा, आत्ता भांडू नका. ज्वारी निघू द्या, मग चार माणसे बसवून मिटवू." ज्वारी निघाली, लग्नसराई आली, पाऊस आला. अर्ज घेऊन गेलो तेव्हा आठवा महिना संपला होता. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 प्रमाणे वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ती मुदत माझ्या सल्ल्याने गेली. पुढे दिवाणी कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. त्या साली दादाने कांद्याच्या पिशव्या डोक्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्या. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

एवढी एक मुदत सांगणारे माणूस गावात असते तर? असे माणूस तयार करण्याची सोय आहे, आणि त्यासाठी वकील व्हावे लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 साली झाला व 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. त्याच्या आधारे 2009 पासून विधी स्वयंसेवकांची योजना चालते. साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाची निवड करून त्याला कायद्याचे प्राथमिक शिक्षण दिले जाते. अंगणवाडी सेविका, निवृत्त गुरुजी, बचत गटातील महिला, विद्यार्थी, सर्वांना यात वाव आहे. लांब मुदतीची शिक्षा भोगणाऱ्या शिकलेल्या कैद्यांनाही तुरुंगात हे काम देता येते!

शिकायचे काय? आपल्यासारख्यांनी सुरुवात सात-बारापासून करावी. फेरफाराची नोंद गाव नमुना 6 मध्ये होते. नोटीस निघाल्यावर हरकत घ्यायला 15 दिवस असतात. हरकत लेखी द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय चावडीतून उठू नये. तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, तोंडी सांगून आलेली हरकत ही हरकत नव्हे. मंडळ अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, त्याला 60 दिवस. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सात-बारावरील नोंद खरी धरली जाते, पण ती उलट पुरावा येईपर्यंतच.

दुसरा धडा लेकींच्या वाट्याचा. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. दुरुस्तीआधी वडील वारले असले तरी तो हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र उकलता येत नाही. तेराव्याला आलेल्या बहिणीला "फक्त सही कर" म्हणून दुय्यम निबंधकाकडे नेतात आणि हक्कसोडपत्र होऊन जाते. हक्क सोडायचा की नाही, हा तिचा प्रश्न. पण आपण काय सोडतो आहोत हे तिला सहीच्या आधी कोणी तरी सांगितले पाहिजे.

पुस्तक घेताना एक जपा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. जुने पुस्तक स्वस्त मिळाले तरी त्यातली कलमे आता चालत नाहीत.

पोटापाण्याचे म्हणाल तर स्पष्ट सांगतो, विधी स्वयंसेवकाला पगार नाही. नेमून दिलेल्या कामाच्या दिवसांचे मानधन मिळते. लोकांकडून पैसे घ्यायचे नाहीत, कोर्टात वकिली करायची नाही. अर्ज लिहून देणे, योग्य कचेरी दाखवणे, गरजूला मोफत वकील मिळवून देणे एवढे काम. (स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना ही मदत उत्पन्न न पाहता मिळते, हे कितीजणांना ठाऊक आहे?) यात गोडी लागली तर वाट पुढे जाते. वकिलाकडे कारकून म्हणून राहता येते. तिथे कागद लावण्याची शिस्त अंगी बाणते. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सोलापुरात दयानंद विधी महाविद्यालय आहे.

निवड सदासर्वकाळ चालू नसते, म्हणून बार्शीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे किंवा सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करून ठेवावी. 15100 या क्रमांकावर फोनही करता येतो.

दादाची धाकटी सून बारावी शिकलेली आहे. गेल्या आठवड्यात तिने माझ्याकडून सात-बाराचा उतारा ओळीओळीने समजून घेतला आणि दोन ठिकाणी मलाच अडवले. तिचा अर्ज लिहून तयार आहे. सोमवारी आम्ही दोघे बार्शीला जाणार आहोत.