चिखलात निजलेले जीव



व्याख्यानाचा विषय फलकावर लिहिला गेला त्या संध्याकाळी एका वयस्क गृहस्थांनी मला वाटेत अडवून विचारले, "मास्तर, चिखलावर तासभर बोलणार म्हणता, ते काय बुवा?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मागाच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या माणसाने संध्याकाळी पदरचा वेळ खर्चून चिखलाचे कौतुक का ऐकावे? तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, मी चिखलाविषयी बोलणार नसून त्यात झोपी गेलेल्या जिवांविषयी बोलणार आहे. हे जीव आपल्याला घरी, एका काचेच्या बरणीत, दोन-तीन दिवसांत जागे करता येतात. त्याला खर्च जवळजवळ काही नाही. चिकाटी मात्र थोडी लागते.

कोळंबी, करंदी, जवळा, खेकडा यांची ओळख ठाणे जिल्ह्यात कोणाला करून द्यावयास नको. शाकाहारी मंडळींनाही बाजारातून जाताना वासाने ती झालेलीच असते. अंगावर कठीण कवच, सांधे असलेले पुष्कळ पाय, आणि वाढताना जुने कवच टाकून नवे धारण करण्याची रीत, ही या कुळाची लक्षणे. याच कुळातील अगदी बारीक भाऊबंद गोड्या पाण्यात राहतात. जलपिसू हा त्यांपैकी एक. मोहरीच्या दाण्याहून लहान, उड्या मारीत पोहणारा. दुसरा सायक्लोप्स, कपाळावर एकच डोळा असलेला. तिसरी परी कोळंबी. हिला कवचाची ढाल नसते, आणि ही जन्मभर पाठ खाली व पाय वर करून पोहते. चौथे शिंपल्यासारख्या दोन झाकणांत अंग लपविणारे. आणि पाचवा ट्रायॉप्स, म्हणजे शब्दशः त्रिनेत्र. घोड्याच्या नालेसारखी ढाल, मागे दोन लांब शेपट्या आणि तीन डोळे असलेला हा प्राणी आपल्या बोटाएवढा होऊ शकतो, म्हणून या मंडळींत तो राक्षसच म्हणावयाचा. परी कोळंबी व तिचे सख्खे सोयरे पायांनी पोहतात, पायांनीच अन्न गोळा करतात, आणि त्यांचा श्वासोच्छ्वासही बराचसा पायांवाटेच चालतो.

यांतील सायक्लोप्सने आपल्या वाडवडिलांना फार छळले आहे. नारू हा शब्द आजच्या मुलांना ठाऊक नाही ही मोठीच भाग्याची गोष्ट आहे. ज्यांच्या पायातून लांब पांढरा दोरा काडीवर गुंडाळीत काढला गेला, त्यांना विचारा. त्या कृमीची पिल्ले सायक्लोप्सच्या पोटात वाढतात आणि पायविहिरीचे पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात शिरतात. हा संबंध फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने 1870 च्या सुमारास उलगडला. आपल्याकडे 1980 नंतरच्या काळात सरकारने नारूनिर्मूलनाची मोहीम घेतली. पायविहिरींचे काठ बांधले, पाण्यात औषध टाकले, आणि सर्वांत मोठे काम केले ते फडक्याने. दुहेरी कापडातून पाणी गाळले की सायक्लोप्स वर राहतो. देशातील शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात आढळला, आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. कापडाच्या गावात हे सांगताना मला विशेष आनंद होतो. पुढे मी जे प्रयोग सांगणार आहे त्यातही मुख्य हत्यार मलमलीचे फडकेच आहे.

आता मूळ प्रश्न. पावसाळ्यात कातळावरच्या खळग्यात हे जीव वळवळताना दिसतात, आणि मार्गशीर्षात तो खळगा कोरडा ठणठणीत होतो. वैशाखात तेथे अनवाणी पाय ठेववत नाही. मग पुढल्या मृगात हे येतात कोठून? बेडूक एका डबक्यातून दुसऱ्यात उडी मारीत जातो, हे तर तेही करीत नाहीत. उत्तर असे की, ते कोठून येत नाहीत. ते तेथेच असतात. पाणी आटण्यापूर्वी माद्या जाड कवचाची अंडी घालतात. त्या अंड्यात गर्भाची वाढ थोडी होते आणि एका टप्प्यावर थांबते. पुढे त्यातील पाणी जवळजवळ सगळे निघून जाते. एरवी पाणी गेले की पेशीची घडी विसकटते व जीव मरतो. येथे ट्रेहॅलोज नावाची एक साखर पाण्याची जागा घेते. चिक्कीचा पाक थंड झाला की काचेसारखा घट्ट होतो आणि शेंगदाणे जेथल्या तेथे धरून ठेवतो, हे आपण घरी पाहतोच. तशाच रीतीने पेशीतील नाजूक सामान जागच्या जागी बसविले जाते. श्वास नाही, हालचाल नाही, अन्न नाही. जिवंत म्हणावे की मेलेले, असा प्रश्न पडावा अशी ही अवस्था वर्षानुवर्षे टिकते. मिठागरांत वाढणाऱ्या आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील भावंडाची अंडी तर 1972 साली अपोलो यानांतून चंद्राच्या प्रवासाला जाऊन आली.

यातली खरी चतुराई पुढेच आहे. पहिला पाऊस पडला म्हणून सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. काही फुटतात, काही निजून राहतात. त्यांतली काही पुढल्या वर्षी, काही त्याच्याही पुढे. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मृगाचा शिडकावा झाला, राब टाकला, आणि मग पंधरा दिवस आभाळाने तोंड फिरविले, तर दुबार पेरणीसाठी ज्याच्या कणगीत बियाणे उरले असेल तोच तरतो. या जिवांनी कणगी रिकामी करावयाची नाही हा धडा माणसाने नांगर धरण्याच्या कितीतरी आधी गिरविला आहे.

वाळलेल्या चिखलातून प्राणी उठविण्याच्या विद्येत आपल्या नागपूरचेही नाव आहे, आणि हे थोड्यांना ठाऊक असते. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरास आला. धर्मप्रसार हे त्याचे काम, पण दगड, जीवाश्म, वनस्पती, पाण्यातील किडे, जे दिसेल ते गोळा करावयाचे हा त्याचा नाद. त्याने नागपूरच्या पाण्यातील काही सूक्ष्म कवचधारी प्राणी विलायतेस पाठविले. ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड याने 1859 साली त्यांचे वर्णन छापले आणि मुगाच्या दाण्याएवढ्या, दोन गोल झाकणांच्या एका प्राण्याला हिस्लॉपचे नाव दिले. चार वर्षांनी, 1863 च्या सप्टेंबरात, पुरातन दगडी वर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे.

पुढची गंमत नॉर्वेत घडली. गेओर्ग ओसियन सार्स हा प्राणिशास्त्रज्ञ तेथे बसून जगभरचा वाळका चिखल मागवीत असे! लुमहोल्ट्स नावाच्या प्रवाशाने ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या एका सरोवराचा गाळ त्याच्याकडे पाठविला. सार्सने तो पाण्यात भिजविला, काचपात्रे खिडकीशी मांडली, आणि त्यातून जे जीव उठले त्यांत नागपूरचा हा प्राणी होता. त्यावरील त्याचा प्रबंध 1887 साली प्रसिद्ध झाला. हिमाच्या देशातील खिडकीत ऑस्ट्रेलियाचा चिखल, आणि त्यात आपल्या विदर्भातला ओळखीचा चेहरा! अलीकडे आनुवंशिक तपासणी झाल्यावर असे दिसते की, एकाच नावाखाली आपण जगभर ज्याला ओळखतो ती प्रत्यक्षात अनेक निरनिराळ्या जातींची मोळी आहे. हे शोध संपलेले नाहीत. आपल्या सह्याद्रीतूनच परी कोळंबीची एक नवी जात रॉजर्स व समीर पाध्ये यांनी 2014 साली जगापुढे मांडली आणि तिच्या नावात सह्याद्री गुंफला.

सार्सने जे शास्त्रासाठी केले त्याचा अमेरिकेत धंदा झाला. हॅरॉल्ड फॉन ब्राउनहट नावाच्या व्यापाऱ्याने 1960 साली आर्टेमियाची अंडी पुडीत भरून विकावयास काढली आणि दोन वर्षांनी त्यांना 'सी-मंकी', म्हणजे समुद्री माकडे, असे नाव दिले. जाहिरातीतल्या चित्रात मुकुट घातलेले हसरे कुटुंब. पुडीतून निघणार अर्ध्या इंचाचे किडे. किती मुलांची निराशा झाली असेल! ट्रायॉप्सच्या अंड्यांच्या पेट्याही पुढे निघाल्या व आपल्याकडेही मिळू लागल्या. मुलांसाठी त्या घेण्यास माझी हरकत नाही. परंतु आपल्या उशाशी चिखल फुकट पडला असता पेटीला पैसे का मोजावेत, हे माझ्या कोकणी मनाला पटत नाही.

तर कृती. चैत्र-वैशाखात, जेथे दर पावसाळ्यात पाणी साचते व दरसाल आटते अशी जागा शोधावी. बारमाही तळे नको. तेथे मासे असतात, आणि माशांपुढे या जिवांचा निभाव लागत नाही. किंबहुना माशांना चुकविण्यासाठीच त्यांनी आटणाऱ्या पाण्याचा संसार पत्करला आहे. रस्त्याकडेचा तेलकट चिखल आणि रंगाऱ्यांच्या सांडपाण्याजवळचा चिखल घेऊ नये. वरचा बोटभर थर, दोन मुठी, पुरे. तो पसरट काचपात्रात किंवा पांढऱ्या तामचिनी परातीत घालून वर चार बोटे पाणी ओतावे. पाणी पावसाचे उत्तम. पहिल्या सरीच्या पाण्यात क्षार थोडे असतात, आणि खळगा नव्याने भरला ही वर्दी अंड्यांना त्यावरून मिळते. परात उजेडात ठेवावी, भर उन्हात नव्हे.

पहिल्या खेपेस मी नळाचे पाणी तसेच ओतले. त्यातील जंतुनाशकाने माझे काम तमाम केले. पाणी दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग वापरावे, एवढे साधे मला सुचले नाही, आणि मी वर्गात विज्ञान शिकवीत होतो! दुसऱ्या खेपेस जीव उठले, पण मी आजीच्या मायेने त्यांना यीस्ट चारले. तिसऱ्या दिवशी घरात असा दर्प सुटला की, परात आणि मी दोघेही गॅलरीत गेलो. तिसऱ्या खेपेचा चिखल घाटमाथ्यावरील एका कातळाच्या खळग्यातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगातून पाहतो तो पांढुरके ठिपके झटके देत चाललेले. पंधरवड्यात त्यांतील पाच परी कोळंबी होऊन उताण्या पोहू लागल्या. घरच्यांनी परात आत घेण्यास परवानगी दिली.

खाऊ घालण्याचा नियम असा: पहिले दोन दिवस काहीही देऊ नये. नंतर चिमटीच्याही चिमटीएवढे यीस्ट पाण्यात कालवून, परातीतले पाणी जेमतेम धुरकट होईल इतकेच घालावे, आणि ते पुन्हा निवळेपर्यंत हात आखडता ठेवावा. शेवाळाचे हिरवे पाणी मिळाले तर त्याहून बरे. ट्रायॉप्स निघाल्यास त्यांना जागा ऐसपैस द्यावी. भूक लागली तर ते एकमेकांना खातात. आणि परातीवर मलमलीचे फडके ताणून बांधावे, यात हयगय नको. आठवडाभर उघडे ठेवलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. आरोग्य खात्याचा माणूस दारी आला आणि त्याने परात उपडी केली, तर चूक आपलीच.

जलपिसू निघाली तर सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहावी. तिचे अंग इतके पारदर्शक की, धडधडणारे हृदय, आतड्यातले हिरवे अन्न आणि पाठीच्या पिशवीतली पिल्ले, सगळे बाहेरून दिसते. मेचनिकॉफ याने 1884 साली जलपिशीच्या अंगात शिरलेल्या बुरशीवर तिच्या पेशी तुटून पडताना पाहिल्या. रक्तातील पेशी रोगजंतूंना खातात या सिद्धान्ताला त्याने मोठे बळ आले, आणि 1908 चे नोबेल पारितोषिक त्याला त्या कामासाठी मिळाले.

आता एक गोष्ट, जी बोलताना मला संकोच होतो. या गावाभोवतीची भातखाचरे आणि ओहोळाकाठचे खळगे भराव टाकून सपाट होत आहेत व त्यांवर गुदामे उभी राहत आहेत. त्या गुदामांवर हजारो घरांच्या चुली पेटतात, हे मी विसरत नाही; माझे दोन विद्यार्थी तेथेच नोकरीस आहेत. परंतु भराव पडतो तेव्हा केवळ त्या वर्षीचे पाणी जात नाही. अनेक वर्षांचे शिल्लक बियाणे काँक्रीटखाली जाते. शिवाय असा गाळ म्हणजे एक दप्तर असते. युरोपातील कॉन्स्टन्स सरोवराच्या तळाशी निरनिराळ्या दशकांत साचलेल्या थरांतून शास्त्रज्ञांनी जलपिशीची अंडी काढून उबविली. सरोवर सांडपाण्याने घाण होऊन विषारी शेवाळ माजल्यानंतरच्या जलपिशा ते विष सोसू शकत होत्या, आधीच्या तितक्या सोसू शकत नव्हत्या, असे त्यांना आढळले. ही हकीकत 1999 साली प्रसिद्ध झाली. आपल्या वऱ्हाळदेवी तलावाच्या किंवा कामवारीकाठच्या गाळात कोणती नोंद आहे हे कोणी पाहिलेले माझ्या तरी ऐकिवात नाही. माझी विनंती एवढीच की, ज्यांच्या शेतावर भराव पडावयाचा आहे त्यांनी त्याआधी एक पाटी कोरडा चिखल उचलून कागदात बांधावा, वर जागेचे नाव व तारीख लिहावी, आणि आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन द्यावा. त्यास जागा चपलांच्या खोक्याएवढी लागते.

गेल्या खेपेस एका मुलीने विचारले होते, "सर, मोठे झाल्यावर यांना तलावात सोडू का?" नाही सोडावयाचे. तलावातले मासे त्यांना तासाभरात फस्त करतील. आणि ते विकतच्या पेटीतले, दूरदेशीचे असतील, तर आपल्या पाण्यात परक्यांची भर नको. त्यांना परातीतच त्यांचे आयुष्य, काही आठवड्यांचे असते ते, पुरे करू द्यावे. मग पाणी आटू द्यावे, चिखल सावलीत खडखडीत वाळवावा आणि महिनाभर तरी तसाच ठेवावा. माझ्या पाच परी कोळंब्यांचा चिखल वर्तमानपत्राच्या पुडीत कपाटावर आहे. मृगाची पहिली सर आली की पागोळ्यांखाली बादली लावावयाची आहे.