अंगावरील गतिसंवेदकांद्वारे तोलमापन

स्तब्ध उभ्या असलेल्या व्यक्तीच्या शरीराचे सूक्ष्म हेलकावे अंगावर बांधलेल्या संवेदकाने टिपून तिच्या तोलाचा अंदाज घेण्याच्या पद्धतीस अंगावरील गतिसंवेदकांद्वारे तोलमापन असे म्हणतात. वृद्धांना असलेला पडण्याचा धोका आणि पार्किन्सनसारखे विकार यांच्या अभ्यासात तिचा उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे दगावतात.

पार्श्वभूमी

मनुष्य पूर्णपणे निश्चल कधीच उभा राहत नाही. डोळे, आंतरकर्ण आणि पाय व सांध्यांतील संवेदना यांच्या आधारे मेंदू सतत तोल सावरत असतो. जर्मन वैद्य मोरिट्झ रोम्बर्ग (१७९५–१८७३) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत पावले जुळवून उभे राहिल्यावर डोळे मिटावयाचे असतात. पायांकडील संवेदना क्षीण असेल, तर नजरेचा आधार सुटताच तोल जाऊ लागतो. अशा व्यक्तीला अंधारात न्हाणीघरापर्यंत जाणेही अवघड का होते, हे यावरून उमगते.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरील व्यक्तींच्या तोलाची चाचणी घेण्यात आली. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यालगत किंवा नेमकी त्याच्यापुढे ठेवून ठरावीक वेळ उभे राहता येते का, हे त्यात पाहिले जाते. अशी चाचणी स्वस्त आणि सुटसुटीत असते. परंतु ती पार करणाऱ्या दोघांपैकी कोणाला अधिक धडपड करावी लागली, हे तीत दिसत नाही. संवेदकाचे महत्त्व नेमके येथे आहे.

कार्यपद्धती

संवेदक बहुधा पाठीच्या खालच्या भागी, म्हणजे शरीराच्या गुरुत्वमध्यानजीक, पट्ट्याने बसवितात. त्यातील त्वरणमापक गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणे गुरुत्वाची दिशा ओळखतो, तर जायरोस्कोप वळण्याचा वेग नोंदवितो. साधारण ३० सेकंदांची नोंद डोळे उघडे व मिटलेले ठेवून, तसेच कठीण जमिनीवर व फोमच्या गादीवर उभे करून घेतात. हेलकाव्यांचा विस्तार, वेग आणि त्यांतील हिसके यांवरून अनुमान काढले जाते. पूर्वी अशा मोजमापासाठी प्रयोगशाळेतील जड बलमापक फलक लागत असे.

मर्यादा

हेलकावे कमी म्हणजे तोल उत्तम, हा समज चुकीचा आहे. पडण्याच्या भीतीने अंग ताठ धरणारी व्यक्ती कमी हलते; मात्र धक्का बसल्यास तिला सावरता येईलच असे नाही. पट्टा सैल असणे, पावलांमधील अंतर बदलणे किंवा चाचणी चालू असताना बोलणे यांमुळेही आकडे बदलतात. केवळ संवेदकाच्या आकड्यावरून रोगनिदान करता येत नाही. औषधे, दृष्टी, पायांची ताकद आणि पूर्वी पडल्याची माहिती वैद्याने स्वतंत्रपणे विचारावी लागते. चाचणीच्या वेळी सावरण्यासाठी शेजारी एक माणूस उभा असणे आवश्यक असते.