विलायतेंतील एक घरगुती छंद

इंग्लंडांत राहणाऱ्या माझ्या पुतण्यानें पत्रांत लिहिलें, "काका, मीं घरीं बीअर केली." वाचून मन खट्टू झालें, तथापि रागावण्यापूर्वीं मीं कृति विचारून घेतली.

तिकडे १९६३ पासून स्वतःपुरती बीअर परवान्यावांचून करतां येते; विक्रीस मात्र परवाना लागतो. नवशिक्या मोड आणलेल्या जवाचा तयार पाक घेतो, तो पाण्यांत घालून हॉप नांवाच्या वेलीच्या कडू फुलांसह तासभर उकळतो, सुमारें २० अंश सेल्सिअसपर्यंत निववितो आणि किण्व घालून दोन आठवडे झांकून ठेवतो. उकळल्यानंतर ज्या ज्या भांड्याचा स्पर्श होईल तें निर्जंतुक हवें; नाहींतर सारें नासतें. किण्वाचें काम संपण्यापूर्वीं बाटली बंद केल्यास ती फुटण्याचें भय असतें. विरजणाचें भांडें जपणाऱ्या गृहिणीस शुचितेचें महत्त्व सांगावयास नको!

महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून असें करणें गुन्हा आहे. येथें कोणीं हा प्रयोग करूं नये. मद्यपान मला मान्य नाहीं. परंतु मुलानें वडीलधाऱ्यांपासून कांहीं लपविलें नाहीं, याचें मोल मोठें आहे. मीं उत्तर धाडलें: "शुचिता आणि धीर शिकलास, तें जन्मभर ठेव; पेला मात्र दूर ठेव."