वीज, वारा आणि येऊरचे गवत

आभाळातून पडणारी प्रत्येक वीज जंगल पेटवत नाही. बहुतेक विजांचा झोत क्षणार्धात ओसरतो; खोड फाटते, साल उडते, पण आग धरत नाही. काही विजांमध्ये मात्र प्रवाह सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या हिश्शापर्यंत टिकून राहतो. एवढा वेळ वाळलेल्या खोडाला आणि त्याच्या बुंध्याशी साचलेल्या पाचोळ्याला पेटायला पुरतो. पुढे वणवा होणार की नाही, हे हवामान ठरवते.

सर्वांत घातक ती कोरडी वीज. ढगाचा तळ उंच असतो, खालची हवा तापलेली आणि शुष्क असते, त्यामुळे सरी जमिनीला टेकण्याआधीच विरून जातात. वीज तेवढी खाली पोहोचते. पाचोळ्यात शिरलेला निखारा दिवसेंदिवस धुमसत राहतो आणि वारा उठला की भडकतो. कॅलिफोर्नियात ऑगस्ट 2020 मध्ये अशाच विजांनी शेकडो वणवे लावले.

विजेने लागणाऱ्या वणव्यांचा अभ्यास करणारा हॅरी गिसबोर्न हा अमेरिकी वनसंशोधक आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे. आयडाहोतल्या प्रीस्ट रिव्हर केंद्रात तो 1922 मध्ये आला. टेहळणीच्या उंच ठाण्यांवरच्या पहारेकऱ्यांकडून त्याने वादळांच्या नोंदी जमवल्या. जंगल किती वाळले आहे हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजावे, हा त्याचा आग्रह. त्यासाठी तो उघड्यावर ठेवलेल्या लाकडी काड्या तोलत असे. पुढे या काड्यांचे प्रमाण ठरले: अर्धा इंच जाडीच्या काड्यांची जुडी, भट्टीत वाळवल्यावर वजन बरोबर 100 ग्रॅम. सकाळी तीच जुडी 108 ग्रॅम भरली, तर लाकडात ओल आठ टक्के. इतके साधे आणि इतके चोख साधन वनशास्त्रात दुसरे सापडणे अवघड.

मोंटानातल्या मॅन गल्च या घळीत 4 ऑगस्ट 1949 रोजी वीज पडली. दुसऱ्या दिवशी आग दिसली. जवळच्या हेलेना शहरात तेव्हा पारा 36 अंशांवर होता. दुपारी वारा जोरावला, वाळलेल्या गवताच्या चढावरून ज्वाळा माणसांपेक्षा वेगाने धावल्या आणि आग विझवायला आलेले 13 जवान गेले. ही आग अशी का धावली, हे पाहायला गिसबोर्न नोव्हेंबरात त्याच घळीत गेला आणि तिथेच हृदयविकाराने कोसळला.

वीज पडते तेव्हा रान किती वाळलेले असते, ही मोजपट्टी ठाणे शहरालाही लावता येते. ठाण्यातल्या कोलशेतच्या एका अंगाला खाडी, तर दुसऱ्या अंगाला, घोडबंदर रस्त्यापलीकडे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला येऊरचा डोंगर. इथे विजा मुख्यत्वे दोन वेळा कडाडतात: पावसाळ्याच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात. ऑक्टोबरात विजा भरपूर, पण गवत अजून हिरवे आणि माती ओली असते. मे अखेरीस गवत कडक वाळलेले असते, मात्र विजेसोबत वळवाची सर येते आणि ठिणगी विझते. खरा कोरडा काळ फेब्रुवारी-मार्चचा. पूर्वेकडून जमिनीवरचे गरम वारे वाहतात, खारा वारा उशिरा सुरू होतो, साग-ऐनाची पाने गळून पडलेली असतात. तेव्हा आभाळ निरभ्र असते.

म्हणजे येऊरला कोरडेपणा आणि वीज यांची गाठ क्वचितच पडते. उन्हाळ्यात इथे वणवा लागला, तर कारण जमिनीवर शोधावे लागते: फेकलेली विडी, मागे राहिलेली चूल, मुद्दाम पेटवलेले गवत. अशा आगीला नैसर्गिक म्हणणे ही चौकशी टाळण्याची पळवाट आहे. विदर्भाचे गणित थोडे वेगळे. तिथे मार्च-एप्रिलमध्येही अवकाळी गडगडाट होतो आणि तेव्हा रान वाळलेलेच असते. पण तिथल्या जंगलातही मोह आणि तेंदूच्या हंगामात माणसाच्या हातून लागणारी आगच प्रमुख.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास वीज कुठे पडली ते दाखवते. खालच्या गवतात किती ओल आहे, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी येऊरला वणवा अडवायला साफ केलेल्या पट्ट्यावर, म्हणजे जाळरेषेवर, 100 ग्रॅमची जुडी टांगून ती रोज दुपारी तोलावी लागेल.