मालमोटारीवरील सहाय्यक शक्तिसंच : देखभाल व दोषनिदान

प्रास्ताविक

'सहाय्यक शक्तिसंच' ही संज्ञा मूळची विमानविद्येतील. विमानाच्या शेपटीत बसविलेले लहान टर्बाइन मुख्य इंजिने बंद असताना वीज व दाबयुक्त हवा पुरविते, हे अनेकांना ठाऊक आहे. त्याच नावाचे, परंतु रचनेने अगदी निराळे असे साधन लांब पल्ल्याच्या मालमोटारींवरही बसविले जाते, याची माहिती मात्र आपल्याकडे मर्यादित वर्तुळातच आहे. प्रस्तुत लेखात या साधनाचे कार्य, त्याची देखभाल आणि त्यातील बिघाड शोधण्याचा क्रम यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

भोकरच्या संदर्भात हा विषय दूरचा वाटू नये. कल्याणकडून अहिल्यानगर, परभणी, नांदेडमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६१ भोकरमधून पुढे भैंसामार्गे निर्मलला जातो आणि तेथे उत्तर-दक्षिण महामार्ग क्र. ४४ ला मिळतो. या वाटेवरील चालकाची झोप बहुधा ढाब्यावरील बाजेवर अथवा उभ्या गाडीच्या केबिनमध्ये होते. मे महिन्यात येथील तापमान ४२-४३ अंशांपर्यंत चढते. दिवसभर तापलेला केबिनचा पत्रा मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. डिसेंबर २०२३ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या, एकूण ३.५ टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन आवश्यक झाले आहे. ही सुधारणा स्वागतार्ह होय. तथापि या यंत्रणेचा कॉम्प्रेसर सामान्यतः मुख्य इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद केले की गारवाही बंद होतो. म्हणजे गाडी चालविताना लाभणारी सोय झोपेच्या वेळी लाभत नाही, आणि अपुऱ्या झोपेची किंमत रस्त्यावर मोजावी लागते.

रचना व उपयुक्तता

अमेरिकेत या प्रश्नावर जे उत्तर रूढ झाले ते असे : केबिनच्या मागे, चासीच्या बाजूस, बहुधा दोन सिलिंडरचे लहान डिझेल इंजिन बसवावयाचे. त्यावर एक अल्टरनेटर व वातानुकूलनाचा स्वतंत्र कॉम्प्रेसर चालतो. डिझेल मुख्य टाकीतूनच घेतले जाते. मोठे इंजिन नुसते उभे चालू ठेवल्यास ताशी सुमारे ३ लिटर डिझेल जळते. या संचास सुमारे १ लिटर पुरते. आठ तासांच्या विश्रांतीत हा फरक १६ लिटरांचा होतो. आपल्याकडील बहुसंख्य मालमोटारींची इंजिने अमेरिकन इंजिनांहून लहान असल्याने येथील बचत त्या मानाने कमी भरेल, हे मान्य केले पाहिजे. संचाचे वजनही दुर्लक्षणीय नसते. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा कायद्याने अशा संचासाठी ४०० पौंडांपर्यंत (सुमारे १८० किलो) वजनाची सवलत देण्याची मुभा राज्यांना दिली आणि २०१२ मध्ये ही मर्यादा ५५० पौंडांवर नेण्यात आली. अलीकडे डिझेल इंजिनाऐवजी केवळ जादा बॅटऱ्यांवर चालणारे संचही वापरले जातात.

देखभाल : किलोमीटर नव्हे, तास

मालमोटारीची देखभाल किलोमीटरवर चालते व चालकाच्या मनातही तोच हिशेब असतो. सहाय्यक संच मात्र गाडी उभी असताना चालतो. त्याचे काम किलोमीटरच्या आकड्यात उमटतच नाही. रात्री १० तास याप्रमाणे महिन्याच्या २५ रात्री धरल्यास २५० तास होतात. या काळात गाडी कमी धावली असली तरी संचाचे तेल झिजलेलेच असते. म्हणून संचावरील तासमापक वाचून, उत्पादकाने दिलेल्या तासांनुसार तेल, तेलाचा फिल्टर व डिझेल फिल्टर बदलावेत. शेतातील पंपाचे इंजिन वा महाविद्यालयातील जनरेटर सांभाळणाऱ्या मिस्त्रीस ही पद्धत नवी नाही.

आपल्या भागात दोन गोष्टींकडे अधिक लक्ष पुरवावे लागेल. पहिली धूळ. संच जमिनीलगत असतो; त्यातच गाडी जिनिंगच्या आवारात उभी राहत असेल तर कंडेन्सरच्या व रेडिएटरच्या जाळीवर माती आणि कापसाचे तंतू मिळून घट्ट थर बसतो. हवा ज्या दिशेने आत ओढली जाते तिच्या उलट दिशेने, बेताच्या दाबाने फुंकर मारून तो काढावा. पाण्याचा जोराचा फवारा मारल्यास जाळीची पाती मुडपतात व मार्ग कायमचा अडतो. दुसरी गोष्ट पावसाळ्यातील पाणी. टाकीत साचणारे पाणी लहान इंजिनाच्या इंधनपंपास लवकर बाधते. यास्तव जलविभाजकाची तोटी वरचेवर सोडून पाहावी.

दोषनिदानाचा क्रम

संच बिघडला की संशय प्रथम इंजिनावर अथवा 'गॅस'वर घेतला जातो. वास्तविक तपासाची सुरुवात बॅटरीपासून व्हावयास हवी. कारण तीच सर्वांत सहज तपासता येते आणि बिघाडही बहुधा तेथेच सापडतो. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती जवळपास अर्धी उतरलेली असते. संच चालू झाल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यावा. तो न आल्यास पट्टा सैल आहे काय हे पाहावे, नंतर अल्टरनेटर तपासावा. टर्मिनलवरील पांढरी-हिरवी भुकटी आणि चासीला जोडलेली गंजलेली अर्थिंगची तार यांमुळे चांगली बॅटरीही निकामी भासते. स्टार्टर फिरत असताना तारेच्या दोन टोकांवर मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक घट दिसल्यास दोष बॅटरीत नसून तारेत वा जोडात आहे, असे समजावे.

स्टार्टर फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी इंधनाकडे वळावे. येथे एक गमतीची गोष्ट आढळते. अनेक गाड्यांत संचाची शोषणनळी टाकीच्या तळापर्यंत मुद्दाम नेलेली नसते, जेणेकरून रात्रभरात संचाने सारे डिझेल संपवून मुख्य इंजिनास उपाशी ठेवू नये. टाकीत डिझेल दिसते आणि संच मात्र सुरू होत नाही, ही तक्रार अशा वेळी बिघाडाची नसतेच. टाकी पुरेशी भरलेली असल्यास फिल्टर, नळीत शिरलेली हवा, इंधन रोखणारा सोलेनॉइड व ग्लो प्लग असा क्रम ठेवावा.

संच सुरू होऊन काही वेळाने आपोआप बंद पडत असेल, तर तेलाचा दाब अथवा कूलंटचे तापमान मर्यादेबाहेर गेल्याने संरक्षक स्विचने तो थांबविला असण्याची शक्यता मोठी असते. हा स्विच तारेने जोडून 'बायपास' करण्याचा मोह घातक होय. तेलाची पातळी, कूलंट व जाळी आधी तपासावी. गारवा कमी पडत असल्यास पट्टा, पंखा, कॉम्प्रेसरचा क्लच पाहून मगच शीतद्रवाचा विचार करावा. शीतद्रव वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे. ती न शोधता 'गॅस भरणे' हा निव्वळ खर्च होय.

२४ व्होल्टचा प्रश्न

आपल्या जड मालमोटारींत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्टची प्रणाली केलेली असते. त्यामुळे वरील आकडे येथे दुप्पट धरावेत. संच नसलेल्या गाडीतही पंखा, टेप व मोबाईल चार्जर हवाच असतो. ही उपकरणे १२ व्होल्टची असल्याने पुष्कळदा एकाच बॅटरीवरून तार ओढली जाते. परिणामी ती बॅटरी दररोज अधिक उतरते. अल्टरनेटर मात्र दोन्हींना मिळून भारित करतो. एक सदैव अर्धपोटी राहते, दुसरी अतिभारित होऊन तिचे पाणी आटते. काही महिन्यांत दोन्ही जातात. मीटरवर एकत्रित आकडा ठीक दिसत असल्याने हा दोष ध्यानात येत नाही. प्रत्येक बॅटरी स्वतंत्र मोजली तरच तो उघड होतो. २४ चे १२ व्होल्ट करणारा परिवर्तक अथवा दोन बॅटऱ्यांमधील समतोल राखणारे साधन बसविणे, हा यावरील खरा उपाय आहे.

धुराचा धोका

काळा धूर हवेचा फिल्टर तुंबल्याचे वा भार अधिक झाल्याचे, निळा धूर तेल जळत असल्याचे, पांढरा धूर इंधन नीट न पेटल्याचे लक्षण मानले जाते. परंतु ज्याने माणूस मरतो तो कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. संच केबिनच्या अगदी मागे असतो व चालू असताना आत मनुष्य झोपलेला असतो. म्हणून धुराच्या नळीचे सांधे, तिला पडलेली चीर आणि केबिनच्या तळातून तारा-नळ्या ज्या छिद्रांतून आत जातात त्यांचे रबर, ही तपासणी प्रत्येक तेलबदलाच्या वेळी झालीच पाहिजे. नळीचे तोंड केबिनपासून दूर, बाहेरच्या बाजूस वळलेले असावे. बिछान्याजवळ कार्बन मोनॉक्साइडचा सूचक बसवावा. रात्री डोके जड होणे, मळमळ वाटणे अशा तक्रारी चालकाने सांगितल्यास त्या उन्हाच्या माथी न मारता तो संच त्याच दिवशी बंद ठेवून धुराची नळी उतरवून पाहावी.