जुन्या संगणकाचा लगाम

कमोडोर ६४ हा घरगुती संगणक अमेरिकेत १९८२ साली विक्रीस आला. त्याच्या मेंदूला सेकंदाला सुमारे दहा लाख ठोके पडत. आजच्या साध्या संगणकाला ते अब्जांनी पडतात. म्हणूनच तो त्या जुन्या यंत्राचे सोंग आणू शकतो. हे सोंग वठवणाऱ्या कार्यक्रमाला एम्युलेटर म्हणतात. आपण त्याला बहुरूपी म्हणू. जुन्या यंत्राची एकेक आज्ञा वाचून ती पाळताना तो स्वतःच्या अनेक आज्ञा खर्ची घालतो, तरीही त्याच्यापाशी इतका वेळ उरतो की, खऱ्या यंत्राच्या चालीने चालण्यासाठी त्याला मुद्दाम थांबत थांबत काम करावे लागते.

मग थांबायचे कशाला, असे कोणीही विचारील.

व्हाइस नावाच्या बहुरूप्यात हा लगाम सोडण्याची सोय आहे. तो सोडला की सोंगातला मेंदू, पडदा आणि घड्याळ सारे एकाच प्रमाणात धावू लागते. आतल्या कार्यक्रमाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या घड्याळात पाच मिनिटे ती पाच मिनिटेच. कॅसेटवरून खेळ चढवायला लागणारी मिनिटे आपल्या घड्याळात मात्र सेकंदांवर येतात. मोठी आकडेमोड चहा होईपर्यंत आटोपते. पण खेळ सुरू झाला, की आपले बोट बटणापर्यंत जाण्याआधीच डाव संपलेला असतो. यंत्रात काही बिघडलेले नसते, बाहेरचा माणूस तेवढा मागे राहतो. कामगारांत वावरलेल्या माणसाला हे नवे नाही. मागाची चाल वाढवली की कापड जास्त निघते, हे मालकाचे म्हणणे खोटे नसते. पण तुटलेला धागा सांधणारी बोटे जुन्याच चालीची असतात, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

दुसरी रीत म्हणजे एकट्या मेंदूची चाल वाढवायची आणि बाकीचे जुनेच ठेवायचे. येथे तंटा आतच लागतो. कमोडोरच्या फ्लॉपी-यंत्राला स्वतःचा वेगळा मेंदू होता. माहिती लवकर यावी म्हणून हुशार लोकांनी असे कार्यक्रम लिहिले, की हे दोन मेंदू एकमेकांना दर वेळी न विचारता आपापले ठोके मोजून देवघेव करीत. एकाचीच चाल वाढली की मोजणी चुकते आणि माहिती नासते.

खऱ्या यंत्रांतही हेच घडले होते. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीला सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके पडत. त्या काळच्या कित्येक खेळांत 'थोडे थांब' याचा अर्थ 'अमुक आकड्यापर्यंत मोज' एवढाच होता. पुढे वेगवान यंत्रे आली, मोजणी चुटकीसरशी होऊ लागली आणि ते खेळ कोणाला खेळता येईनात. तेव्हा यंत्र जुन्या चालीवर आणण्यासाठी पेटीवर एक बटण बसवू लागले. नाव 'टर्बो', काम लगामाचे!

बहुरूपी वापरणारे जाणते लोक आज काय करतात? कॅसेट चढेपर्यंत लगाम मोकळा सोडतात आणि पडद्यावर खेळाचे नाव उमटले की पुन्हा खेचून धरतात.