बकरी बांधली म्हणजे घोड्याला सोबत झाली?

सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी दारात आली की सोयरेधायरे पेढा तोंडात टाकता टाकता एक सल्ला हटकून देतात: "बकरी बांधी दे भो, व्हई गयं काम!" दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी ही यात्रा १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यात होती, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. जिल्हा बदलला, सल्ला मात्र बदलला नाही. धुळ्यात, पारोळ्यात, चाळीसगावात तोच ऐकू येतो.

गैरसमज: एकट्या घोड्याला बकरी पुरते.

वस्तुस्थिती: घोड्याला एकटे ठेवू नये, एवढा या सल्ल्यातला अर्धा भाग खरा आहे. चूक उरलेल्या अर्ध्यात आहे. सोबत म्हणजे शेजारी श्वास घेणारे कोणतेही जनावर, असे आपण धरून चालतो. घोडा तसे धरत नाही.

कळपातला घोडा दुसऱ्या घोड्याची तीन कामे करतो. पहिले पहाऱ्याचे. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते, रोज अर्धा-पाऊण तास तरी. आसपास जागे कुणी नसेल तर पुष्कळ घोडे आडवे होतच नाहीत. दुसरे काम माश्यांचे. दोन घोडे तोंडाला शेपूट करून उभे राहतात आणि एकमेकांच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलतात. बकरीच्या चार बोटांच्या शेपटीकडून ही अपेक्षा कशी करायची? तिसरे काम खाजवण्याचे. आयाळ संपते त्या उंचवट्याजवळ घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. हा नुसता लाड नव्हे. क्लॉडिया फे आणि त्यांच्या सहकाऱ्याने फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. नेमक्या त्या जागी खाजवले की हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यात दिसले. खरारा करताना तुम्हीही तिथे खाजवू शकता, जरूर खाजवा. पण रात्री दहानंतर तुम्ही घरात असता आणि घोडी गोठ्यात.

"रेसच्या घोड्यांनाही बकरी देतात की!" हे उत्तर तयारच असते. देतात, आणि काही घोड्यांचे बकरीशी छान जमतेही. मग सीबिस्किटची गोष्टही पुरती सांगा. १९३०च्या दशकातल्या या प्रसिद्ध अमेरिकन घोड्याला शांत करायला आधी बकरीच दिली होती. त्याने तिला दातांत धरून हलवले आणि दारावरून बाहेर भिरकावले. शेवटी त्याचे सूत जुळले ते पम्पकिन नावाच्या शांत घोड्याशी.

याच सल्ल्याला एक शेपूटही असते: बकरी घोड्यावरची इडापिडा अंगावर घेते. हे ऐकले की हात जोडावेसे वाटतात. रोग असा बदली माणूस घेत नाही. सर्रा रोगाचेच पाहा. तो चावऱ्या माश्यांमार्फत पसरतो. गाई-म्हशींमध्ये त्याची लक्षणे बहुधा सौम्य असतात, घोडा मात्र खंगून मरू शकतो. म्हणजे शेजारचे जनावर रोग ओढून घेण्याऐवजी त्याचे कोठारच ठरू शकते. आणि बकरीने घोड्याची हरभऱ्याची चंदी पोटभर खाल्ली, तर पोट फुगून पहिली तीच जाते.

एकटेपणाची लक्षणे आपल्याकडे कौतुकाने पाहिली जातात, हे आणखी वाईट. मागे वाजंत्री नाही, समोर वरात नाही, तरी घोडी जागच्या जागी डावी-उजवी झुलत राहते आणि मालक म्हणतो, "पाहा, कशी डोलते!" शिकवलेला नाच वेगळा. अगाडी-पिछाडीने बांधलेल्या जनावराचे असे तासन्‌तास झुलणे म्हणजे कोंडलेपणाची खूण. स्वित्झर्लंडने २००८च्या नियमांत लिहूनच टाकले आहे: प्रत्येक घोड्याला दुसरा घोडा किंवा त्याच्या कुळातले जनावर दिसले, ऐकू आले आणि त्याचा वास आला पाहिजे. या नियमात बकरी बसत नाही.

आणखी काही समज, थोडक्यात

"गाढव बांधले तर इज्जत जाते." गाढव घोड्याच्याच कुळातले आहे, त्यामुळे दुसरा घोडा परवडत नसेल तर बकरीआधी त्याचा विचार करा. मात्र त्याच्या फुप्फुसात खोकलाही न येता जंत राहू शकतात आणि ते घोड्याला खोकल्याने हैराण करतात, म्हणून आधी जंतनाशक द्या. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. पण २०१९च्या पशुगणनेत देशभरात सव्वा लाखाच्या आतच गाढवे उरली होती, तेव्हा शोधाशोध करावी लागेल.

"गाई-म्हशींच्या दावणीला बांधले की भागले." शेजार चालेल, खाणे वेगळे हवे. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन असते. गाईला सोसणारी त्याची मात्रा घोड्याच्या हृदयावर घाला घालते.

"कुत्रा आहे ना राखणीला." राखण होईल, खाजवायला उपयोग नाही.

"दोन घोडे ठेवले की मारामारी." पहिले काही दिवस कान पाडणे, लाथ उगारणे होते, मग मोठा-धाकटा ठरतो. मध्ये कुंपण ठेवून ओळख होऊ द्या, चंदी दूर दूर द्या, पळायला जागा ठेवा. खच्ची न केलेले दोन नर मात्र अंगणाएवढ्या जागेत एकत्र सोडू नका.

"जोडी जमली की माणसाचे ऐकत नाहीत." एकाला बाहेर काढल्यावर दुसरा खिंकाळतो, हे खरे. पहिल्या आठवड्यापासून पाच-दहा मिनिटे वेगळे करण्याची सवय लावली की ते निवळते.

"यात्रेतून आणला, लगेच शेजारी बांधला." हे सगळ्यांत महागात पडते. ग्लँडर्सवर इलाज नाही, तो माणसालाही होतो आणि २००६मध्ये महाराष्ट्रात त्याने पुन्हा डोके वर काढले होते. कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे आणि बाधित जनावर मारावे लागते. नवे घोडे किंवा गाढव आणताना रक्ततपासणीचा दाखला मागा. आणल्यावर तीन आठवडे लांब बांधा, बादली आणि खराराही वेगळा ठेवा.

घोडा घ्यायचा हिशोब मांडताना तो पहिल्यापासून दोन चंद्यांचा मांडा. दुसरी परवडत नसेल तर गावात घोडे पाळणारा आणखी कुणी असतोच, त्याच्याशी बोलून दोघांची जनावरे एका आवारात ठेवा. चारा, मोतद्दार आणि डॉक्टरच्या फेऱ्या वाटून घेता येतील. तेही जमणार नसेल, तर पुढच्या दत्तजयंतीला घोडे पाहून या, भाव विचारून या, आणि रिकाम्या हाताने घरी या.